किल्लीताईची खुर्ची

आमच्या ताईला गल्लीत, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे किल्लीताई म्हणतात. मिशा फुटलेले, पोट सुटलेले पुरुष रस्त्यात थांबून विचारतात, "किल्लीताई, ओळखलंत का?" आणि ही बाई बेधडक सांगते, "तू नाकात वाटाणा घातला होतास ना?" समोरच्याची बायको शेजारी उभी असली तरी सांगते. तिच्या पाळणाघरातून गेलेल्या पोरांची संख्या तिलाही ठाऊक नसेल, पण कुणी काय नाकात घातलं होतं ते पक्कं लक्षात आहे.

मी तिची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे सांगून सांगून मी थकले आहे, तेव्हा ते राहू दे. मी ताईच्याच घरी राहते आणि नगरपालिकेच्या ज्या पाळणाघराची ती प्रमुख आहे, तिथलं स्वयंपाकघर सांभाळते. दिवसभर तिचा हुकूम ऐकायचा आणि संध्याकाळी घरी येऊन परत तोच ऐकायचा, अशी माझी पगारी शिक्षा आहे.

तिचं हे नाव पडलं ते किल्ल्यांच्या एका जुडग्यामुळे. जुन्या कचेरीतली कपाटं भंगारात गेली आणि किल्ल्या तेवढ्या मागे राहिल्या. ताईनं त्या एका कडीत ओवल्या. जगातलं एकही कुलूप त्यांनी उघडत नाही. पण सकाळी एखादी आई मूल घेऊन दारात आली की ताई मूल उचलायची, तडक मागच्या खिडकीपाशी जायची आणि जुडगा त्याच्या डोळ्यांपुढे खुळखुळवायची. मूल किल्ल्यांकडे बघतंय तोवर आई पसार. मागे वळून बघायचं नाही, पाऊल वाजवायचं नाही, हा ताईचा दंडक. आया बिचाऱ्या चपला हातात घेऊन चोरासारख्या जिना उतरायच्या. तासाभरानं मुलाच्या लक्षात यायचं की आई नाही, तोवर खेळ सुरू झालेला असायचा, दूध आलेलं असायचं. "आमच्या दारात मूल रडत नाही," असं ताई छाती पुढे काढून सांगायची. वरच्या कचेरीतले साहेब पाहुण्यांना मुद्दाम सकाळच्या वेळीच घेऊन यायचे. बघा, केवढी शांतता!

पाळणाघरात काम करणाऱ्यांनी स्वतःचं मूल तिथं आणायचं नाही, असा नियम होता. मी तेव्हा तिथं कामाला लागले नव्हते, त्यामुळे ताईची लेक दोन वर्षांची असल्यापासून घरी माझ्याजवळ असायची. भावजींची नोकरी फिरतीची. ते महिन्यातून एकदा उगवायचे आणि खाऊ देऊन मावळायचे, आणि पुढं तर कायमचेच गेले. ताईनं जुडग्याचे दोन केले. एक पाळणाघरात आणि एक घरी, दाराशेजारच्या खुंटीला. रोज सकाळी मी लेकीला कडेवर घेऊन बाहेरच्या खोलीच्या खिडकीत उभी राहायची आणि किल्ल्या वाजवायची. ताई स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं निघून जायची.

पोर कधी रडली नाही. "किती शहाणी आहे हो!" असं शेजारपाजारचे म्हणायचे, आणि ताईला ते ऐकून बरं वाटायचं. पण एक गोष्ट मी रोज बघत होते. किल्ल्या वाजल्या की इतर मुलं किल्ल्यांकडे बघतात. ही मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायची. कडी सरकल्याचा बारीकसा आवाज यायचा. मग ही शांतपणे माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची. मला वाटायचं, झोप येतेय पोरीला.

ती लेक शिकली, चांगल्या नोकरीला लागली, लग्न झालं, दिवसभराच्या प्रवासाइतक्या दूरच्या शहरात राहायला गेली. वर्षातून दोनदा येते. आली की घर दणाणून सोडते. ताईचे केस विंचरून देते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि पातेलं चाटूनपुसून खाते. ताई तर ती यायच्या आधीपासून हवेत असते. पण एक आहे. ही पोरगी जाताना कधी सांगून जात नाही. परत जायचा दिवस ठाऊक असतो, तिकीट काढलेलं असतं, पण नेमकी ताई न्हाणीघरात गेली की ही बॅग उचलून चालू लागते. ताई केस पुसत बाहेर येते तर घर रिकामं. पलंगावर चादरीची नीट घडी. मग तासाभरानं फोनवर निरोप येतो, बसले गाडीत.

ती चादर ताई दोन दिवस उचलू द्यायची नाही. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला तिनं थांबते म्हटलेलं ऐकायला नकोय गं. राहिलीच पाहिजे असंही नाही. नुसतं दारात उभं राहून येते म्हणावं, एवढंच." मी म्हटलं, "मग सांग की तिला तसं." ताई म्हणाली, "मागून मिळालेलं ते काय खरं?" आणि चांगली भाजी कचऱ्यात आणि देठं पातेल्यात टाकून मोकळी झाली.

तर असं सगळं चाललेलं असताना ताईला परदेशी जायचा हुकूम आला.

एका दुसऱ्या देशात लहान मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी फार चांगल्या सोयी आहेत, त्या बघून या आणि शिकून या, असा कार्यक्रम होता. याआधी साहेब स्वतः गेले होते. चॉकलेटं आणि फोटो घेऊन परत आले. फोटोंत मुलं कमी आणि साहेब जास्त. या खेपेला तिकडूनच कळवलं गेलं की रोज मूल कडेवर घेणारं माणूस पाठवा. साहेबांनी नाइलाजानं ताईचं नाव पाठवलं. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते तिच्या. निघताना तिनं बॅगेत कपडे कमी आणि लोणची नि औषधं जास्त भरली, आणि सवयीनं पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगाही टाकला. तपासणीला त्यांनी विचारलं म्हणे, एवढ्या किल्ल्या कुठल्या? ही म्हणाली, "कुठल्याच नाहीत." तिला बाजूला घेऊन पर्स पुन्हा उपसली.

दोन आठवड्यांनी परत आली ती गप्प होऊन आली. आमची ताई आणि गप्प! मला वाटलं तिकडची हवा बाधली. मग हळूहळू एकेक सांगू लागली.

तिकडे बाळ जन्मायच्या आधीपासून एक परिचारिका घरी येते. येते ती बाळाच्या आईजवळ बसते. बाळंतपणानंतर आली तरी आधी बाळाला हात लावत नाही, आईला विचारते, तू कशी आहेस, झोप लागते का? "मला कुणी विचारलं होतं का गं, झोपले की नाही ते?" ताई म्हणाली. मी म्हटलं, "मी विचारणार होते, पण तू मलाही झोपू देत नव्हतीस." त्यावर ती हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तिकडच्या पाळणाघरात आईबापांना बसायला एक खोली होती. चहा करून घ्यायचा, बोलायचं, काही अडलं तर विचारायचं, कुणी कपाळाला आठ्या घालत नव्हतं. आणि मुलांच्या खोलीत, दाराजवळ, एक साधी लाकडी खुर्ची होती. नवं मूल आलं की त्याची आई किंवा बाप काही दिवस त्या खुर्चीत बसून राहतो. काही करत नाही, नुसता बसतो. मूल खेळायला जातं, मागे वळून बघतं, आई आहे ना, परत खेळतं. मग एक दिवस आई उठते, मुलाजवळ जाऊन सांगते की मी जातेय आणि तुझं जेवण झालं की येणार आहे. मग जाते. मुलाच्या डोळ्यांदेखत, पुढच्या दारानं. आणि मूल भोकाड पसरतं.

आमच्या ताईसमोर हे घडलं. एक गुबगुबीत पोरगा जमिनीवर बसून आभाळ फाटल्यागत रडत होता आणि तिथली बाई शेजारी मांडी घालून नुसती बसली होती. ताईला वाटलं, काय अडाणी लोक आहेत हे! एवढा पैसा, एवढी खेळणी, आणि एकाला मूल गप्प करता येत नाही! तिनं पुढचामागचा विचार न करता पोराला उचललं, खिडकीशी नेलं आणि पर्समधून जुडगा काढून खुळखुळवला. पोरगा हुंदका गिळून किल्ल्या बघू लागला. दोन मिनिटांत चिडीचूप. ताईनं विजयी मुद्रेनं मागे वळून बघितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथली प्रमुख, पांढऱ्या केसांची जाडजूड बाई, जवळ आली. तिनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला, पोराला आपल्याकडे घेतलं आणि परत त्या रिकाम्या खुर्चीपाशी नेऊन त्याला काहीतरी सांगितलं. तो परत रडू लागला. दुभाषा मुलगी ताईला म्हणाली, "त्या त्याला सांगताहेत, आई गेली, जेवण झाल्यावर येणार आहे, तोवर मी आहे." मग त्या प्रमुख बाईनं ताईला अगदी सरळ, कुतूहलानं एक प्रश्न विचारला. दुभाषीनं तो सांगितला, "तुमच्याकडे मुलाला आई गेल्याचं कधी कळतं?"

"मी काय सांगणार?" ताई मला म्हणाली. "मी म्हटलं, कळतच नाही. आणि म्हणता म्हणता मला आपली ती दिसली. तुझ्या कडेवर. मान वळवून दाराकडे बघताना." मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तिनंही मला कधी सांगितलं नव्हतं की मागच्या दारातून बाहेर पडल्यावर ती रोज फटीतून एकदा आत बघत असे.

जेवणाच्या वेळेनंतर त्या पोराची आई खरंच आली. ताई सांगत होती, पोरगा धावला नाही की काही नाही, नुसतं वर बघितलं आणि हातातला ठोकळा तिला दाखवला. जसं काही ती येणार हे ठरलेलंच होतं.

परत आल्यावर ताईनं पाळणाघराच्या दाराजवळ खुर्ची ठेवली. साहेब आले, म्हणाले, "वाटेत खुर्ची कशाला? एवढं लांब पाठवलं तुम्हाला, आणि शिकून काय आलात, तर खुर्ची?" ताई म्हणाली, "तुमच्या चॉकलेटांपेक्षा टिकाऊ आहे." आता सांगायला हरकत नाही, मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबला होता.

पण सोपं नव्हतं ते. तिकडे आईला मुलाजवळ बसायला पगारी रजा मिळते. आमच्याकडच्या आया कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत पळणाऱ्या. त्या कुठून बसणार? मग कुणाची आजी बसायची, कुणाची आत्या. एक बसड्रायव्हर बाप रात्रपाळी संपवून यायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायचा. त्याची पोरगी त्याच्यावर जेवणाचे रुमाल पांघरायची. कुणाला दहा मिनिटं जमायची, कुणाला तीही नाही. पण जायचं ते सांगून, पुढच्या दारानं, चपला घालून. आणि मग रडारड! वर्षानुवर्षं जिथं शांतता होती तिथं सकाळी कानठळ्या बसू लागल्या. माझं दूध दोनदा उतू गेलं. एका आईनं नाक मुरडून मूल काढून नेलं. आमच्याच बायका कुजबुजू लागल्या, ताई आता थकली. ताई मात्र रडणाऱ्या पोराशेजारी जमिनीवर बसायची, गुडघ्यांची कुरकुर ऐकत, आणि म्हणायची, "हो रे राजा, गेली आई. जेवण झालं की येणार." किल्ल्या टेबलाच्या खणात गेल्या.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. कामासाठी दोन महिने तिला आमच्या गावी पाठवत होते. जावई तिकडेच राहणार, आणि ती नातीला घेऊन येणार. नात दीड वर्षाची, गालांनी डोळे झाकलेली. मी तिला ढबू म्हणायचे आणि तिची आई माझ्यावर डोळे वटारायची. नातवंडांना पाळणाघराचा नियम लागू नाही, हे ताईनं आधीच साहेबांकडून वदवून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी लेक दारात आली, ढबूला ताईच्या हातात दिलं आणि सराईतासारखी मागे सरकत म्हणाली, "आई, तू हिला खिडकीपाशी ने. किल्ल्या वाजव. मी सटकते."

"बस," ताई म्हणाली.

"कुठं?"

"त्या खुर्चीत."

"आई, माझं ऑफिस आहे."

"म्हणून अर्धाच तास. बस."

लेक तोंड वाकडं करून बसली. ढबू दुडुदुडु चेंडूपर्यंत गेली, मागे वळून बघितलं, परत आली, परत गेली. दुसऱ्या मुलाची आजी उठली, नातवाला सांगून निघाली, नातू रडला, ताई त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिचं ते नेहमीचं म्हणू लागली. मी दुधाचे पेले घेऊन आले तेव्हा लेक एकटक तिकडे बघत होती. नाकाचा शेंडा लाल झालेला.

ताई तिच्याजवळ आली, तशी ती हळूच म्हणाली, "माझ्या वेळी का गं नव्हती अशी खुर्ची?"

ताई खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"मला रोज कळायचं, आई. मावशी किल्ल्या वाजवायची आणि मी त्या कडीचा आवाज ऐकत असायचे."

ताई म्हणाली, "मग रडली का नाहीस कधी?"

"कुणाजवळ रडू? तू तर गेलेली असायचीस."

मी तिथंच उभी होते, पेले हातात धरून. लेक उठली. ढबूजवळ उकिडवी बसून म्हणाली, "आई जातेय. संध्याकाळी येणार." धड जमलं नाही तिला. ढबूनं ओठ काढला आणि टाहो फोडला, आणि लेक पुढच्या दारानं, डोळे पुसत, जिना उतरून गेली. संध्याकाळी वेळेच्या आधीच धापा टाकत आली.

ते दोन महिने कसे गेले ते मला विचारू नका. ताई त्या दिवसांत ओव्या म्हणायची तेवढी बाकी होती. मायलेकी रोज बरोबर घरी यायच्या, ढबू मध्ये. पण परत जायचा दिवस जवळ आला तशी ताई पुन्हा देठं पातेल्यात टाकू लागली. मी म्हटलं, "आता तरी सांग तिला, काय हवंय ते. त्या खुर्चीत बसून तिनं स्वतःच तर बोलून दाखवलं सगळं." ताई म्हणाली, "लेकीला सांगून जाणं वेगळं, आईला सांगून जाणं वेगळं. तिला जमत नाही गं. मीच तर शिकवलं नाही."

जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी बोलावलेली होती. बॅगा दाराशी. ढबूला मोजे घातलेले. आणि ताई काय करते? टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघते! मी तिचा हात धरला. "अगं, आत्ता? ती निघेल ना!" ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणूनच. तिला सोपं जाऊ दे." आणि कडी लावली आतून. पाणी पडू लागलं.

मला असा संताप आला म्हणता! दोघींचाही आला. एक आत लपलेली, दुसरी बाहेर बॅगेच्या चेनची उगाच उघडझाप करतेय. खाली टॅक्सी आली, हॉर्न वाजला. लेकीनं बॅग उचलली. ढबूला कडेवर घेतलं. दारापर्यंत गेली. मी तोंड फिरवलं, मला ती घडी घातलेली चादर पुन्हा बघायची नव्हती.

मागे काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. वळून बघते तर लेकीनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणून न्हाणीघराच्या दारासमोर ठेवली होती. त्यावर बसली, ढबूला मांडीवर घेऊन, पाठ ताठ. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी गॅलरीत जाऊन त्याला ओरडले, "थांब की! पोरगी आईजवळ बसलीय!" तो काय समजला कोण जाणे, पण गप्प बसला.

पाणी थांबलं. ताई आत घर रिकामं व्हायची वाट बघत असणार. मग कडी निघाली. ताई बाहेर आली, ओले केस, खांद्यावर टॉवेल, आणि समोर त्या दोघी.

लेक म्हणाली, "आई, आम्ही निघालोय. सुट्टी लागली की येणार आहोत." मग म्हणाली, "येते हं."

ताईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. बायामाणसं डोळ्याला पदर लावून रडतात तसं नाही. पाळणाघरातल्या पोरांसारखं, आवाज काढून, तोंड वेडंवाकडं करून. ढबू बोट तोंडात घालून आजीकडे बघत राहिली.

माझा हात सवयीनं खुंटीवरच्या किल्ल्यांकडे गेला होता. तो मी खाली घेतला.

खाली टॅक्सीवाल्यानं परत हॉर्न दिला. लेक जागची हलली नाही. तिनं ताईचा ओला हात धरला आणि तिचं रडणं होईपर्यंत तशीच बसून राहिली.